पन्नास लिटर निळं कॉकटेल

चहाला आधण यायला अजून वेळ आहे, तोवर तो निळ्या कॉकटेलचा किस्सा मीच सांगून टाकतो. कारण मी नाही सांगितला तर आमचा अण्णा सांगणार, आणि अण्णाच्या तोंडून ऐकलात तर मी आहे त्याच्या दुप्पट येडा वाटेन. आहे तेवढा पुरे आहे.

दोन हजार दोन किंवा तीन साल असेल. पिंपळवंडीला आमची द्राक्षबाग. आता द्राक्षबाग म्हणजे काय, तर निम्मा जन्म ड्रमापाशी. आज हे औषध, उद्या ते औषध, पाण्यात कालवा, ढवळा, गाळा, फवारा. त्यामुळे मला एक गर्व होता. म्हटलं, जगात काहीही कालवायचं असू द्या, लिटरमागे किती पाहिजे ते सांगा, पुढचं माझ्यावर सोडा. आमच्याकडं म्हण आहेच, गर्वाचं घर खाली. माझं घर नाही, ड्रम खाली झाला, एवढाच फरक.

तर झालं असं, की आमची सुनंदा, म्हणजे माझी बायको, पुण्याला बहिणीकडं महिनाभर राहून ग्लास पेंटिंग शिकून आली. काचेच्या ग्लासावर काळ्या ट्यूबनं नक्षी काढायची आणि आत रंग भरायचे. तिचा हात खरोखर सुरेख. तिच्या मनात आलं की आपण नारायणगावात याचा क्लास काढावा. पण क्लासला जागा कुठून आणणार? तिथं किराणा बाजारात पुष्पाभाभी म्हणून आहेत. मूळचे राजस्थानचे जैन व्यापारी लोक, पण तीन पिढ्या इथंच, मराठी माझ्यापेक्षा शुद्ध. त्यांच्या दुकानाच्या वर एक खोली रिकामी होती. भाभी सुनंदाला म्हणाल्या, "आधी मला बघू तर दे तू काय शिकवतेस ते. चार जणींना बोलव, मीही येते. मन बसलं तर खोली तुझी."

झालं. सुनंदानं रविवार ठरवला, आठ बायांना सांगावा धाडला आणि घरात जाहीर केलं, "आपल्याकडं क्राफ्ट पार्टी आहे."

आई म्हणाली, "म्हंजी काय असतं?"

"बायका जमतात, गप्पा मारतात आणि हातानं काहीतरी करतात."

"मंग आमी शेंगा फोडायला जमत व्हतो, ती काय व्हती?"

सुनंदाला हसू आलं, पण ती आतून घाबरलेली होती हे मला दिसत होतं. लग्नाला बारा वर्षं झाली होती, आणि या बारा वर्षांत तिनं स्वतःसाठी असं काही पहिल्यांदाच मागितलं होतं, तेही माझ्याकडं नाही, पुष्पाभाभींकडं. म्हणून मला वाटलं, आपणही काहीतरी करावं. आणि इथंच माझ्या डोक्यात ते कॉकटेल शिरलं.

त्याचं काय आहे, आदल्या वर्षी एका औषध कंपनीनं आम्हा बागाईतदारांना पुण्याच्या मोठ्या हॉटेलात जेवायला नेलं होतं. तिथं एक वेटर उंच ग्लासात निळंशार काहीतरी घेऊन फिरत होता. वर लिंबाची चकती, पुदिन्याची पानं. मी विचारलं, हे काय? तो म्हणाला, कॉकटेल. मी म्हटलं, आपण घेत नाही बाबा. तो म्हणाला, बिनदारूचं पण करता येतं साहेब, लिंबू, साखरेचा पाक, निळा रंग, पुदिना आणि वरून सोडा. मी लगेच खिशातल्या औषधाच्या चिठ्ठीमागं लिहून घेतलं. तीन ग्लास प्यायलो. जीभ दोन दिवस निळी होती.

मी सुनंदाला म्हटलं, "प्यायचं माझ्यावर सोड. भाभी खूश होऊन खोलीची किल्ली हातात ठेवून जातील असं काहीतरी करतो."

"अहो, साधं लिंबू सरबत पुरे आहे."

"सरबत कुणीही देतं. तू बघच."

ती पुढं भाभींबद्दल आणखी काहीतरी सांगत होती. दोनदा-तीनदा सांगितलं म्हणे. पण माझं डोकं तोवर ग्लासामागे किती लिंबं लागतील यात गुंतलेलं. मी नुसतं हो हो केलं.

आता माझी अडचण समजून घ्या. एका ग्लासाचं मला काही करताच येत नाही. पन्नास लिटरच्या खाली माझं गणितच बसत नाही. मी ग्लासाचं माप काढलं, त्याचं लिटरमागे केलं आणि थेट पन्नास लिटरचा ड्रम घेतला. नवाकोरा होता हं, दुकानातून आणलेला, दोनदा धुतलेला. शंभराच्या वर लिंबं पिळली. बोटांना ती चरचर सुटली की विचारू नका. साखरेचा पाक केला, आईच्या जुन्या लुगड्यातून सगळं वस्त्रगाळ केलं, पुदिना कुटून टाकला, आणि शेवटी किराण्यातून आणलेला खायचा निळा रंग ओतला. बांबूनं ढवळलं. काय रंग आला म्हणता, आहाहा.

सुनंदा बघायला आली. ड्रमात डोकावली.

"आठ बायका येणार आहेत," ती म्हणाली.

"मग?"

"आठ बायका येणार आहेत. म्हशी नव्हे."

मी म्हटलं, उरलं तर उरलं, भावकीत वाटू. ड्रम कुठं ठेवायचा, तर गोठ्याशेजारच्या पंपाच्या शेडमध्ये, कारण तिथं सावली असते आणि गार राहतं. तिथं एरवी आमचा औषधाचा ड्रम असतो, हे माझ्या ध्यानातही आलं नाही. पाहुणे बसायच्या जागी आपण पाहुण्याला बसवतो, तसा मी तो बसवला आणि मोकळा झालो.

हे झालं शनिवारी संध्याकाळी. रविवारी सकाळी उठतो तर आभाळ भरून आलेलं. बागाईतदाराला विचारा, छाटणीनंतर असं ढगाळ हवामान आलं की काय होतं ते. एका रात्रीत पानं करपवणारा रोग येतो. आमचा अण्णा, म्हणजे माझा थोरला भाऊ, दात घासत अंगणात आला आणि आभाळाकडं बघून म्हणाला, "दत्त्या, बोर्डो काढून ठेव. जेवण झालं की मी मारतो."

बोर्डो म्हणजे मोरचूद आणि चुना कालवून केलेलं फवारायचं औषध. रंग कसला? निळा. आता तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या नव्हतं आलं.

मी मोरचूद, म्हणजे निळं विषच ते, बादलीत भिजत घातला, बादली गोठ्याच्या भिंतीला लावून ठेवली आणि चुना नंतर कालवू म्हटलं. मग मला आठवलं, सोडा आणि बर्फ आणायचा राहिलाय. बायका दोनला येणार होत्या. मी मोटारसायकलला किक मारली आणि जाता जाता सुनंदाला ओरडून सांगितलं, "मला उशीर झालाच तर गोठ्यापाशी ते निळं ठेवलंय, त्यातलं काढून वाढायला लाग."

हे माझं वाक्य लक्षात ठेवा. मी ते जन्मात विसरलेलो नाही.

नारायणगावात बर्फवाल्याकडं गर्दी, सोडावाल्याचं दुकान बंद, मालक जेवायला गेलेला. सगळं मिळवून, बर्फाची लादी पोत्यात गुंडाळून मागं बांधून परत यायला मला तीन वाजले. अर्धा बर्फ माझ्या पँटीत वितळला होता. दारात पुष्पाभाभींची व्हॅन उभी. घरातून बायकांच्या हसण्याचा आवाज येत होता. मी खूश. मागच्या बाजूनं शेडमध्ये गेलो.

ड्रम नाही.

बागेतून पंपाचा आवाज येत होता. मी तसाच ओल्या पँटीनं पळत बागेत गेलो. अण्णा फवारणीची गन हातात घेऊन पाचवी ओळ संपवत होता, आणि त्याच्या मागं, त्याच्या भोवती, डोक्यावर, मधमाश्यांचं हे एवढं मोहळ. अण्णा एका हातानं फवारतोय आणि दुसऱ्या हातानं टोपी हलवतोय.

मला बघून पंप बंद केला आणि म्हणाला, "औषध लई भारी काढलंय राव. इळा बुडवून बघितला, डागसुदिक नाय."

आता हे काय ते सांगतो. बोर्डो बरोबर झालाय का हे बघायला आमच्याकडं लोखंडी विळा त्यात बुडवतात. विळ्यावर तांबूस डाग आला तर मोरचूद जास्त झाला, चुना वाढवायचा. डाग नाही आला तर औषध तयार. माझ्या कॉकटेलमध्ये मोरचूदच नव्हता, तर डाग येणार कुठून? अण्णाच्या मते मी आयुष्यात पहिल्यांदा बोर्डो चोख केला होता.

"अण्णा, वास नाही आला तुला?"

"सर्दी झालीया. जरासा पुदिन्यावाणी आला. म्हणलं, तू नव्या टॉनिकाचा नाद केला आसंल. तुझं काय सांगता येत नाय. पर सगळं चिकाट झालंय बघ. आन् या माश्या का लागल्यात?"

मला वाईट वाटलं, पण फार नाही. म्हटलं, पन्नास लिटर गेलं तर गेलं, सुनंदानं सरबत केलं असेल. तेवढ्यात मला माझंच वाक्य आठवलं. गोठ्यापाशी ते निळं ठेवलंय, त्यातलं काढून वाढायला लाग.

मी गोठ्याकडं पळालो. भिंतीला लावून ठेवलेली मोरचुदाची बादली तिथं नव्हती.

घरात आठ बाया आणि सुनंदा. ड्रम अण्णानं नेला, म्हणजे गोठ्यापाशी निळं एकच उरलं होतं. घरातून हसण्याचा आवाज तर येतच होता. मी मनातल्या मनात फौजदार, दवाखाना, वर्तमानपत्रातला फोटो, सगळं बघून घेतलं आणि उडी मारून ओटा चढलो.

दार ढकललं. आठही बाया सतरंजीवर गोल बसलेल्या. सगळ्यांची बोटं निळी. एकीच्या हनुवटीला निळं. आणि मधोमध पुष्पाभाभी, हातात काचेचा ग्लास, आत बाहेर निळाशार, आणि तो ग्लास अगदी ओठापाशी नेलेला.

मी ओरडलो, "भाभी, पिऊ नका!" आणि झेप घेऊन त्यांच्या हातावर फटका मारला.

ग्लास उडाला, फरशीवर पडला आणि फुटला.

मी म्हटलं, "मोरचूद आहे. मोरचूद. किती जणींनी प्यायलं? कुणी किती घोट घेतले ते सांगा."

आता मोरचूद हा शब्द ऐकल्यावर बागाईतदारांच्या बायका शांत बसतील होय? आमच्या शेजारच्या चंद्रकलावहिनी छातीला हात लावून म्हणाल्या, "आगं बाई, मला मगाधरनं मळमळतंयच." दुसरीला लगेच घाम फुटला. मी स्वयंपाकघरात धावलो, तांब्याभर पाण्यात मूठभर मीठ घातलं आणि पहिला पेला चंद्रकलावहिनींच्या तोंडाला लावला. त्यांनी बिचाऱ्यांनी तो घटाघटा संपवला, दुसराही संपवला, आणि तोंडावर पदर धरून परसात पळाल्या.

एवढ्यात सुनंदा मागच्या दारानं चहाच्या कपबश्या घेऊन आली. ती मागच्या पडवीतल्या चुलीपाशी होती, त्यामुळं तिनं काहीच बघितलं नव्हतं.

"काय झालं?"

"तू यांना गोठ्यातलं निळं दिलंस?"

"मी कुणालाही काही दिलं नाही. शेडमध्ये गेले तर ड्रमच नव्हता. म्हणून चहा टाकला. आत्ता आणतेय."

"मग बादली कुठाय?"

कोपऱ्यातून आई म्हणाली, "मोरचुदाची व्हय? ती म्या कोठीत ठिवली. वासरू तोंड घालाया लागलं व्हतं. तुमाला कुनाला काळजी न्हाई."

"मग भाभी काय पीत होत्या?"

पुष्पाभाभी पहिल्यांदाच बोलल्या. आवाज एकदम बारीक. "मी पीत नव्हते हो दत्ताभाऊ. रंग ओला होता, फुंकर मारत होते. मोर काढला होता मी."

मी खाली बघितलं. फरशीवर काचा पडल्या होत्या. एका काचेवर मोराचा तुरा, एकीवर डोळा, आणि पिसाऱ्याचे तर किती तुकडे झाले होते कुणास ठाऊक. सव्वा तास मान मोडून त्यांनी तो काढला होता. बाकीच्या बाया म्हणत होत्या, पहिल्यांदा ब्रश धरलाय असं वाटत नाही. आणि मी तो एका फटक्यात संपवला होता.

मी सुनंदाकडं बघितलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती त्या काचांकडं बघत होती. बारा वर्षांतली तिची पहिली मागणी त्या काचांत पडलेली मला दिसली. मला लई म्हणजे लई वाईट वाटलं. मी मटकन खाली बसलो आणि काचा गोळा करायला लागलो.

तेवढ्यात दारात अण्णा. टोपी हातात, डावा डोळा माशी चावून मिटलेला, मिशीला पाकाचे ओघळ. बायामाणसं आहेत हेही त्याला दिसेना.

"दत्त्या, लेका, औषधात गूळ घातला का काय? मिशीला चव लागली ती ग्वाड लागतीया. आन् बागंत मुंगळ्यांची रांग लागली, पार बांधापास्नं."

मी खाली मान घालून म्हटलं, "गूळ नाही. साखर. ते औषध नव्हतं, पाहुण्यांचं प्यायचं होतं."

अण्णानं माझ्याकडं बघितलं, मग बायांकडं, मग बोटानं मिशी पुसून पुन्हा चाखली. "मंग चांगलं झालंय की," म्हणाला.

पहिल्यांदा कोण हसलं ते मला ठाऊक नाही. चंद्रकलावहिनी परसातून तोंड पुसत आत आल्या, त्यांना कुणीतरी सांगितलं की तुम्ही काही प्यायलाच नव्हता, मिठाच्या पाण्याशिवाय. त्या मला म्हणाल्या, "भावजी, तुमचं वाटोळं झालं ना तरी मी रडायची नाही," आणि त्यांनाच हसू फुटलं. मग सगळ्याच हसायला लागल्या. आई तर डोळे पुसायला लागली. एकट्या पुष्पाभाभी हसत नव्हत्या. त्या माझ्या समोर बसून काचा वेचत होत्या.

मी म्हटलं, "भाभी, हे सगळं मी तुमच्यासाठीच केलं होतं. तुम्ही खूश व्हाव्यात म्हणून. शंभर लिंबं पिळली."

भाभींनी मान वर केली. "माझ्यासाठी? अहो, आज चौदस आहे. माझा उपास. उकळलेल्या पाण्याशिवाय मी काही घेत नाही. सुनंदाला मी आठवड्यापूर्वीच सांगितलं होतं."

सुनंदा म्हणाली, "आणि मी यांना तीनदा सांगितलं."

आता माझं तोंड बघायला पाहिजे होतं तुम्ही. जिच्यासाठी पन्नास लिटर केलं ती घोटभरही पिणार नव्हती, आणि काही पीतही नव्हती, तरी तिच्याच हातातला ग्लास मी फोडला होता. भाभींनी माझं ते तोंड बघितलं आणि मग त्या जे हसायला लागल्या, ते दहा मिनिटं थांबेनात. उपाशीपोटी एवढं हसणं बरं नाही, असं आई त्यांना सांगत होती.

शेवटी डोळे पुसून त्या सुनंदाला म्हणाल्या, "खोली घे. मोर काढताना सव्वा तास कसा गेला मला कळलंही नाही, एवढं छान शिकवतेस तू. पण माझी एक अट आहे. माझा मोर यांनी फोडला, तर मोर यांनीच काढून द्यायचा. क्लासला पहिलं नाव यांचं लिहायचं."

मला वाटलं चेष्टा करतायत. पुढच्या बुधवारी सुनंदानं मला उठवून अंघोळीला पाठवलं तेव्हा कळलं, चेष्टा नव्हती.

अण्णानं त्या पाच ओळी साध्या पाण्यानं धुवून काढल्या आणि मग खरा बोर्डो मारला. शेजारचा एक बागाईतदार मात्र दोन दिवस माझ्या मागं लागला होता. तुमच्या बागेत एवढ्या मधमाश्या कशा, कोणतं टॉनिक मारलं सांगा की. आमच्याकडं शेजाऱ्यानं काय मारलं हे कळल्याशिवाय कुणाला झोप लागत नाही. मी सांगितलं नाही. अण्णानं सांगितलं, सविस्तर.

आणि मी दोन महिने, दर बुधवारी, दुकानाच्या वरच्या खोलीत अकरा बायांच्या मध्ये मांडी घालून मोर काढत होतो. पहिले सहा मोर कावळे झाले. सातवा जरा बरा होता, तो भाभींना दिला. त्यांनी तो गल्ल्यापाशी ठेवलाय, पेनं ठेवायला. गिऱ्हाईक विचारतं, ही कोंबडी कुणी काढली? भाभी सांगतात, अजून शिकतायत.

क्लास आजही चालू आहे, झकास चालू आहे. पहिल्या तुकडीला सुनंदानं हौसेनं छापील प्रशस्तिपत्रकं दिली. मलाही दिलं, भाभींच्या हस्ते. छापताना कुणाच्या डोक्यात माझ्यासारखा विद्यार्थी नव्हता. घरी आणल्यावर अण्णानं ते स्वतःच्या खर्चानं फ्रेम करून आणलं आणि बैठकीत, आमच्या द्राक्षांच्या बक्षिसाच्या वर लावलं. पावणे आले की तो आधी त्यांना तिथं नेतो आणि मोठ्यानं वाचून दाखवतो: 'सौ. दत्तात्रय यांनी काचकाम मन लावून पूर्ण केले.'